घटातलं शेत आता ताटात

मायक्रोग्रीन, म्हणजे कोवळेपणीच कापून खायची रोपं, म्हटलं की परदेशी थेर वाटतं. पण नवरात्रात घटाभोवती माती पसरून आपण धान्य पेरतो, नऊ दिवसांत ते वीतभर होतं, हे दुसरं काय आहे? अंधाऱ्या देवघरात ते पिवळं राहतं; खिडकीत ठेवलं असतं तर हिरवंगार झालं असतं. एवढाच फरक.

सुरुवात मोहरी, मेथी किंवा मुळ्याने करा. पसरट डब्याला तळाशी भोकं, दोन बोटं कोकोपीट, वर दाट बी. दोन-तीन दिवस झाकायचं, मग उजेडात. मोहरी आठ-दहा दिवसांत कापायला येते. धणे मात्र रगडून, दोन फाका करून पेरा आणि दोन-तीन आठवडे धीर धरा. बी स्वयंपाकघरातलंच घ्या; मुळ्याचं मात्र औषध न लावलेलं बघून आणा. कृषी दुकानातल्या रंगीत बियाण्याला औषध चोळलेलं असतं. आणि घटातली ज्वारी खाऊ नका! कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, म्हणून शेतकरी तिच्यात जनावरंही सोडत नाहीत.

बी न पेरता काडीवरच लागणारा पुदिना तर फुकटच. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून आणलेल्या जुडीतली जाड काडी निवडा, पेराच्या जरा खाली कापा, खालची पानं काढून पाण्यात उभी करा. पेरातूनच मुळं फुटतात, आठवडा-दीड आठवड्यात. पाणी एक दिवसाआड बदला. तुळस, पानओवा असेच लागतात. पानओव्याची फांदी थेट मातीत खोचली तरी चालते.

कोल्हापूरच्या जुलैतल्या झडीत मायक्रोग्रीनला बुरशी फार लवकर धरते. तेव्हा बी विरळ टाका, पाणी खालच्या ताटलीतून द्या, जमलं तर पंख्याचा वारा लागू द्या. भजीवाल्या पावसात पानओवा लावलेला बरा, असं माझं स्पष्ट मत.