कादिझ : संविधान जाहीर करणारे बंदर

स्पेनच्या दक्षिणेला, अटलांटिक समुद्रात जिभेसारख्या शिरलेल्या जमिनीवर कादिझ वसले आहे. फिनिशियन दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी वसवलेले हे बंदर पश्चिम युरोपातील सर्वांत जुन्या शहरांत मोडते. अरुंद गल्ल्यांतून फिरताना जुन्या घरांच्या गच्च्यांवर आम्हाला टेहळणीचे मनोरे दिसले. अमेरिकेहून येणाऱ्या जहाजांची वाट व्यापारी तेथून पाहत. १७१७ साली त्या व्यापाराचे सरकारी कार्यालय सेव्हिलहून येथे आले आणि शहर श्रीमंत झाले. त्या व्यापारात माणसेही विकली जात.

आम्हाला खरी ओढ होती ती सान फेलिपे नेरी या चर्चची. नेपोलियनच्या फौजांचा वेढा पडला असताना लोकप्रतिनिधी येथे बसले आणि १९ मार्च १८१२ रोजी संविधान जाहीर झाले. सत्ता राजाची नव्हे, राष्ट्राची, असे त्याने बजावले. छपाईचे स्वातंत्र्य दिले.

पण गुलामगिरी तशीच राहिली. आफ्रिकी वंशाचा माणूस स्वतंत्र असला, तरी नागरिकत्वासाठी त्याला आपली लायकी सिद्ध करावी लागे. स्त्रियांना मत नव्हते. १८१४ साली परतलेल्या राजा सातव्या फर्नांदोने तेही संविधान रद्द केले. स्पेनच्या ताब्यातील क्युबात गुलामगिरी संपायला १८८६ साल उजाडले.

चर्चच्या बाहेरील भिंतीवर प्रतिनिधींच्या स्मरणार्थ पाट्या आहेत. वगळलेल्यांची पाटी आम्हाला दिसली नाही. वाचकहो, कोणतेही संविधान वाचताना त्यात कोण आहे हे पाहावे, आणि कोण नाही हेही विचारावे.