रक्त कमी आहे, पण कशामुळे?

आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर, निळी गोळी देतात. लोह आणि फॉलिक ॲसिडची ही सरकारी गोळी वाटायचे काम माझ्याकडे आहे. मुली गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात. आणि शाळा सुटल्यावर खिडकीखाली चार-पाच गोळ्या पडलेल्या सापडतात!

गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी परिपाठाच्या वेळी चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन निघाले ८.२. या वयाच्या मुलीचे ते किमान १२ असायला हवे. आईला बोलावले. ती म्हणाली, "टीचर, गोळी तिला गरम पडते. शी काळी होते. मीच सांगितले, घेऊ नको म्हणून. रोज खजूर देते ना मी तिला!"

मला तिच्यावर रागावता आले नाही. माझ्या घरीही चूक झाली होती. अम्मीला थकवा यायचा, पायांना मुंग्या यायच्या. आम्ही वर्षभर तिला लोहाचे टॉनिक पाजले. शेवटी तपासणीत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. मधुमेहासाठी ती वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेत होती. या औषधाने काही जणांमध्ये बी-१२ कमी होते. टॉनिक वाईट नव्हते, पण तिच्या आजाराचे ते औषधच नव्हते.

मुंबईतला धडा

रक्तक्षय एकाच प्रकारचा नसतो, हे जगाला कळण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट आणि रक्तक्षयही त्यांच्यातच जास्त, असे त्यांना आढळले. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत्या. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. म्हणजे हा आजार वेगळा होता. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या स्त्रियांचे रक्त सुधारले. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला गेला. तेच फॉलिक ॲसिड. आज गरोदर बहिणींना मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर तेही असते.

आधी तपासणी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाची कमतरता हे त्याचे मोठे कारण. पाळीतला जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे आणि पोटातले जंत यांनीही लोह घटते. म्हणून शाळेत जंतनाशक गोळीही देतात.

हिमोग्लोबिन कमी आले, तर डॉक्टरांना विचारून सीबीसी ही रक्ततपासणी करावी. पेशी मोठ्या असतील, तर फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असू शकते. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांची हानी चालूच राहते.

पेशी लहान असतील आणि लोह घेऊनही फरक पडत नसेल, तर थॅलेसेमिया मायनर आहे का ते पाहावे. त्यात गरज नसताना लोह घेत राहणे बरे नाही. आपल्याकडे नात्यात लग्ने होतात, म्हणून ही तपासणी निकाहाआधीच झालेली बरी. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते.

गोळी कशी घ्यावी?

लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळत असेल, तर जेवणानंतर घ्यावी. गोळीच्या आधी-नंतर दोन तास चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. लिंबूपाण्याबरोबर लोह चांगले शोषले जाते. उपचार लागू पडला, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एका अंकाने वाढते. ते पुरेसे झाल्यावरही अंगातला साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. रमजानमध्ये त्या बंद करू नयेत. रात्रीच्या जेवणानंतर घेता येतात. मात्र इफ्तारचा चहा थोडा लांबवावा.

आणि खजूर? जरूर खावा, पण १०० ग्रॅम खजुरात लोह असते जेमतेम १ मिलिग्रॅम. शाळेच्या एका निळ्या गोळीत ते ६० मिलिग्रॅम असते. कलेजी, मटण, मासळी यांतले लोह अंगी चांगले लागते. आपल्या बांगड्यात, तारलीत, तिसऱ्यांत बी-१२ही भरपूर. पण घरातल्या बाईच्या ताटात शेवटी नुसता रस्सा उरत असेल, तर त्याचा काय उपयोग?

त्या मुलीला डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या. आता तिची आई स्वतः समोर बसून ती गोळी घ्यायला लावते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले. परवा ती आई मला बाजारात भेटली. म्हणाली, "टीचर, आता माझेपण रक्त तपासून घेते."

खिडकीखाली अजूनही एखादी गोळी सापडते. ती उचलताना वाटते, मुलीला समजावून भागणार नाही. तिच्या अम्मीलाच गाठले पाहिजे.