घरची करवत आणि जंगलची करवत

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या माझ्या मावसभावाच्या वाडीत नारळ आणि पोफळी एकमेकांवर आडव्या झाल्या. विहिरीची वाटसुद्धा उरली नव्हती. कुऱ्हाडीने तोडत बसलो तर दिवाळी उजाडेल, म्हणून त्याने आणि शेजारच्या दोन घरांनी वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, मागवली. खोक्यावर ‘५८ सीसी’ असे ठळक छापलेले होते. तिन्ही घरांनी मिळून ती रोज सात-आठ तास चालवली. सहाव्या दिवशी ती बंद पडली ती कायमची. दट्ट्या सिलिंडरला चिकटून बसला होता.

“तू शास्त्रज्ञ ना? मग सांग, यंत्र वाईट की आम्ही?” असे त्याने मला फोनवर विचारले. उत्तरासाठी मला बरेच वाचावे लागले आणि एका ओळखीच्या मेकॅनिककडे बसून दोन जुनी यंत्रे खोलून पाहावी लागली.

आधी ‘सीसी’चे पाहू. दट्ट्या खालून वर जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तेवढे घनसेंटिमीटर म्हणजे सीसी. ते पोकळीचे माप आहे, शक्तीचे नव्हे. आपली जुनी लूना आठवा. तिचे इंजिनही टू-स्ट्रोक आणि ५० सीसीचेच होते, पण म्हणून कोणी तिला ओंडके कापायला जुंपले नसते. एकाच कंपनीची दोन यंत्रे घेऊन ताडून पाहता येते. श्टील या जर्मन कंपनीच्या घरगुती वर्गातल्या एमएस २५० चे इंजिन ४५.४ सीसीचे, शक्ती २.३ किलोवॉट आणि वजन ४.६ किलो आहे. व्यावसायिक वर्गातल्या एमएस २६१ चे इंजिन ५०.२ सीसीचे, शक्ती ३ किलोवॉट आणि वजन ४.९ किलो. पोकळी सुमारे १० टक्क्यांनी वाढली, शक्ती मात्र ३० टक्क्यांनी. विद्यार्थ्यांना दर किलो वजनामागे किती वॉट मिळतात ते काढायला सांगा. ५०० आणि ६१२ अशी उत्तरे येतील. दिवसभर यंत्र हातात धरणाऱ्याला हा फरक खांद्यात कळतो.

ही जास्तीची शक्ती येते कुठून? वायूंना आत-बाहेर जाण्याचे मार्ग अधिक नेमके घडवलेले असतात आणि इंजिन अधिक वेगाने फिरू शकते. पण वेगाबरोबर उष्णता आणि ताण वाढतात, म्हणून बाकीचे अंगही तसेच लागते. व्यावसायिक यंत्रात क्रँकशाफ्टभोवतीची पेटी बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. ती हलकी, ताठ आणि उष्णता चटकन बाहेर टाकणारी असते. शिवाय सिलिंडर चार स्क्रू काढून सुटा करता येतो. घरगुती यंत्राचा सांगाडा बहुतेक वेळा प्लास्टिकचा असतो आणि इंजिन त्यात ठोकळ्यासारखे बसवलेले असते. दट्ट्या बदलायचा तर सगळेच उकलावे लागते. मेकॅनिक म्हणाला, “मजुरी नव्या यंत्राच्या जवळ जाते, मग कोण करतो?” त्याचे म्हणणे खरे आहे.

पण म्हणून घरगुती यंत्र म्हणजे फसवणूक, असे समजू नये. ते थोड्या तासांसाठीच आखलेले असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत हातात धरायच्या छोट्या इंजिनांसाठी तीन वर्ग आहेत: ५०, १२५ आणि ३०० तास. तेवढे तास इंजिन धुराची मर्यादा पाळेल, अशी हमी उत्पादकाने द्यायची असते. हे इंजिनाचे आयुष्य नव्हे, पण बनवणाऱ्याच्या मनात किती वापर आहे याचा अंदाज त्यावरून येतो. मावसभावाच्या वाडीत एरवी एखादी आंब्याची फांदी आणि वठलेला माड धरून वर्षाला आठ-दहा तासांचे काम निघते. वादळानंतरच्या सहा दिवसांत त्यांनी पंचेचाळीस तासांच्या आसपास करवत चालवली. चार-पाच वर्षांचे काम एका आठवड्यात!

त्यात झाड नारळाचे. नारळ एकदलिकित, त्याला वर्षवलये नसतात. वाहक पेशींचे जुडगे खोडाच्या कडेला दाट आणि मध्ये विरळ असतात, म्हणून बाहेरचे लाकूड अतिशय कठीण आणि गाभा मऊ. शिवाय आडव्या पडलेल्या खोडाला वाळू चिकटलेली. साखळीची धार तासाभरातच जाते. धार गेल्याची खूण सोपी आहे: करवतीतून लाकडाच्या कपच्या पडण्याऐवजी पीठ पडू लागते. अशा वेळी थांबून कानस फिरवायची असते. आपण काय करतो? जोर लावतो. मग इंजिनाचा वेग उतरतो, त्यालाच जोडलेल्या पंख्याचा वारा कमी होतो आणि सिलिंडर तापतो.

तेलाचाही घोळ होताच. करवत आडवी, उभी, उलटी कशीही धरावी लागते, त्यामुळे मोटारीसारखा तेलाचा साठा तिच्या पोटात ठेवता येत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुष्कळ उत्पादक ५० भागांस १ भाग सांगतात, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. आमच्याकडे हे ‘बाटलीचे एक टोपण’ असे मोजले गेले, आणि एका दुपारी घाईत स्कूटरचे नुसते पेट्रोलच ओतले गेले. असे केल्यावर महागडे व्यावसायिक यंत्रही वाचले नसते.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला ती. यंत्र बंद पडण्याच्या आदल्या दिवशी करवत उसळून मावसभावाच्या कपाळाजवळून गेली होती. हे त्याने मला पुष्कळ उशिरा सांगितले. साखळीचा वेग किती असतो ते काढू. ३/८ इंची साखळी आणि सात दात्यांचे चक्र असेल तर एका फेऱ्यात साखळी सुमारे १३.३ सेंटिमीटर सरकते. मिनिटाला १०,००० फेरे धरले तर सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. पात्याच्या टोकाच्या वरच्या पाव भागात साखळी पुढे जात खाली वळत असते. तेथे ती लाकडात अडकली की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने पाते उलट दिशेला, म्हणजे वर आणि मागे, माणसाकडे फेकले जाते. हे घडायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. आपल्याला सावध होऊन हात हलवायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून डाव्या हातापुढे साखळी थांबवणारा ब्रेक असतो, आणि चांगल्या यंत्रात तो झटक्यानेच आपोआप लागतो. घरगुती यंत्राबरोबर बहुधा उसळी कमी करणारी साखळी येते. व्यावसायिकाची साखळी जास्त भरभर कापते, पण त्याच कारणाने नवख्याच्या हातात ती अधिक धोक्याची ठरते. ‘परवडते तर मोठेच घेऊ’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

कंपांचे मात्र वेगळे आहे. इंजिन आणि मुठी यांच्यामध्ये स्प्रिंगा किंवा रबर बसवून हातापर्यंत येणारा कंप कमी करतात, आणि यात व्यावसायिक यंत्रे सहसा सरस असतात. वर्षानुवर्षे कंप सोसणाऱ्या जंगल कामगारांची बोटे पांढरी पडून बधिर होतात. म्हणून युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपाची आठ तासांच्या कामावर धरलेली मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी ठरवली आहे. वर्षाला दहा तास वापरणाऱ्याने याची फार धास्ती घेऊ नये. कानांची मात्र घ्यावी, कारण आवाज १०० डेसिबलच्या वर जातो.

आणि खोक्यावरचे ‘५८ सीसी’? त्या यंत्रात पोकळी व्यावसायिकाची आणि बाकी सारे घरगुतीपेक्षाही उणे, असे खोलल्यावर दिसले. मावसभावाला मी तसेच सांगितले: यंत्र कामाच्या मानाने कच्चे, आणि तुम्ही त्याच्या मानाने घाईचे.

आता त्याच्याकडे वाडीपुरती लहान करवत आहे. तिन्ही घरांनी मिळून ५० सीसीची एक व्यावसायिकही घेतली, पण ती चालवतो गावातला एकच जण, शिकून आलेला. पावसाळ्याआधी दोन्हींच्या टाक्या रिकाम्या करतात, कारण हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल दमट हवेतले पाणी शोषून घेते. तेल मोजायला माझ्या प्रयोगशाळेतून नेलेली इंजेक्शनची पिचकारी खुंटीला टांगलेली असते.