जोडा उसवता आला पाहिजे

सकाळी ६:१५

दापोडीतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं पाच आणि दाराबाहेर पायताणांचे जोड अकरा. त्यातला धाकट्याचा शाळेचा बूट चार दिवस तोंड वासून पडलाय. "पप्पा, लोकांचे करता, माझा कधी?" काल रात्री त्याने तिसऱ्यांदा विचारलं. बूट पिशवीत टाकला. आज तो पीटीच्या बुटांवर शाळेत जाईल आणि बाईंची बोलणी खाईल.

७:४०

लोकल. दापोडी, खडकी, शिवाजीनगर. अंतर थोडं, पण गर्दीत तेवढंही लांब वाटतं. सगळे मोबाइलमध्ये बघतात, मी खाली बघतो. बुटाच्या पुढच्या भागात, बोटांच्या मागे जिथे पाय वाकतो, तिथली घडी बघायची. चांगल्या चामड्याला तिथे बारीक सुरकुत्या पडतात, आजीच्या हातावर असतात तशा. हलक्या मालाला एकच जाड घडी पडते आणि थोड्या दिवसांनी तिथला रंग कांद्याच्या सालीसारखा सुटतो. डब्यातल्या दहा काळ्या बुटांत आठांची साल सुटलेली दिसते.

८:३०

कोर्टाच्या भिंतीलगत माझा पत्र्याचा स्टॉल. सरकारी कागदावर आम्ही 'गटई कामगार', आणि स्टॉलही त्याच नावाच्या योजनेतून मिळालेला. वडील याच जागी झाडाखाली पोतं टाकून बसायचे. मधली दहा वर्षं मी मुंबईत, ठक्करबाप्पा कॉलनीतल्या एका कारखान्यात काढली. तिथे नवे जोडे शिवायला शिकलो. वडील थकले तेव्हा परत आलो.

हत्यारं मांडली: रापी, आरी, हातोडी, पक्कड, लोखंडी तिपाई. दोऱ्याला मेण चोळून ठेवलं. टाचेसाठी लागणारे चामड्याचे तुकडे पाण्यात भिजत टाकले. सुकं चामडं मारलं की फाटतं, भिजलेलं ठोकलं की घट्ट बसतं.

९:३०

वकिलांची घाई. अकराच्या पुकाऱ्याआधी सगळ्यांना पॉलिश हवं असतं. बरेचजण बूट हातात देतात, काहीजण पायानेच पुढे सरकवतात. वडील अशा वेळी काही बोलायचे नाहीत, फक्त तो बूट सगळ्यात शेवटी घ्यायचे. मीही तेच करतो.

पॉलिशवर लोकांचा फार विश्वास. पण मेणाचं पॉलिश चकाकी देतं, पाणी थोडं अडवतं, एवढंच. चामड्यावर प्लास्टिकसारखा रंगाचा थर चढवलेला असेल तर आत काहीच मुरत नाही. ज्या चामड्याचा वरचा मूळ पदर घासून काढलेला नाही, ज्याची छिद्रं दिसतात, ते क्रीम पितं. कुठलं आहे ते ओळखायला अंगठ्याने दाबून बघायचं. दाबल्यावर भोवती बारीक रेषा उमटल्या तर माल जिवंत. काहीच उमटलं नाही तर तो रंग आहे, चामडं खाली कुठेतरी आहे.

११:१५

गर्दी ओसरली, म्हणजे खरं काम. एका थोरल्या वकीलसाहेबांचा लेसचा काळा जोडा परवापासून माझ्याकडे आहे. त्याला नवा तळ लावायचाय.

आधी टाच काढली. मग तळ आणि वेल्ट यांच्या फटीत रापीचं पातं घालून एकेक टाका कापत गेलो. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने बाहेर डोकावणारी चामड्याची पट्टी. पातं तिला लागलं की संपलं. कारण सगळी युक्ती त्या पट्टीत आहे. बुटाचा वरचा भाग, आतला तळ आणि वेल्ट हे तिघं एका टाक्याने बांधलेले असतात. मग वेल्ट आणि जमिनीला लागणारा तळ यांना दुसरा टाका. बूट ज्यावर उभा असतो तो टाका आत सुरक्षित, आणि झिजतो तो बाहेरचा. बाहेरचा कापून काढला तरी आतल्याला कळतही नाही.

कारखान्यात या कामाला 'गुडइयर' म्हणायचे. मला वाटायचं, टायरवाल्यांचंच काहीतरी असेल. याच साहेबांनी एकदा सांगितलं, की रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची पद्धत चार्ल्स गुडइयर यांनी शोधली, आणि वेल्ट शिवायच्या यंत्राला १८७० च्या सुमारास त्यांच्या मुलाचं नाव लागलं. टायरची कंपनी १८९८ मधली, तिने फक्त नाव उचललं. हाताने वेल्ट शिवणं मात्र त्या यंत्राच्या कितीतरी आधीचं.

तळ सुटला. आत भरलेल्या कॉर्कवर साहेबांच्या पावलाचा ठसा होता, अंगठ्याखाली खोल. भुगा झालेलं कॉर्क खरवडलं. मधली पोलादी पट्टी गंजली नव्हती. तिच्या शेजारी, आतल्या तळाच्या पोटावर, तीन तारखा दिसल्या. पहिली २०१२ ची, वडिलांच्या अक्षरात, सातच्या आकड्याला लांब शेपूट. नंतरच्या २०१५ आणि २०१९ च्या माझ्या. तळ बसवला की या तारखा झाकल्या जातात, मालकालाही दिसत नाहीत. त्या वाचायच्या तर जोडा उसवावा लागतो. २०१९ चा तळ बराच चालला, कारण मधे कोरोनात कोर्ट आधी बंद आणि मग पडद्यावर. साहेब चाललेच नाहीत.

आजची तारीख खाली लिहिली. नवं कॉर्क बसवलं. दोन्ही बाजू काचकागदाने खरवडून सोल्यूशन लावलं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत ठेवून दिलं. ओल्यावरच चिकटवणारा कारागीर घाईचा, त्याचा तळ महिन्यात सुटतो.

१२:४०

"मामा, हे काय झालं बघा ना!"

नवी सनद घेतलेल्या एक मॅडम. हातात काळे बूट, आणि बोटांना काळा भुगा. वरचा भाग कोरा करकरीत, तळ मात्र ओल्या बिस्किटासारखा तुटलेला. कोर्टाच्या जिन्यातच तुकडे पडले म्हणे.

"चांगले म्हणून खोक्यात जपून ठेवले होते. पाच वर्षांत चारदा घातले असतील."

"म्हणूनच."

हलक्या, मऊ पीयू तळाचं हे दुखणं जुनं आहे. हवेतली ओल त्यात हळूहळू शिरते आणि तो आतून कुजतो. तो वापरून संपायच्या आधी ठेवून संपतो. खोक्यात, कपाटात, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच. अशा तळाला ना टाका बसतो ना डिंक, कारण धरायला काही उरलेलंच नसतं. मी सगळा भुगा खरवडला आणि आजच्या दिवसापुरती रबराची पट्टी चिकटवून दिली.

"मग घेऊ तरी कोणते?"

माझ्याकडे मधोमध करवतीने कापलेला एक जुना बूट आहे. तो समोर ठेवला. पोटात काय आहे ते दिसलं की फार बोलावं लागत नाही. नुसता डिंकाने चिकटवलेला बूट बाजारात सगळ्यात जास्त. आतून आरपार एकच टाका घातलेला दुसरा प्रकार: तो हलका, वाकायला छान, पण नवा तळ शिवायला आत हात घालणारं वेगळं मशीन लागतं, माझ्याकडे ते नाही, आणि खालचं पाणी टाक्यावाटे वर येऊ शकतं. तिसरा वेल्टचा. तो सुरुवातीला जड, कडक, पंधरा दिवस पायाशी भांडतो. पण उसवता येतो.

"शिवलेला आहे का, हे सगळे विचारतात," मी म्हणालो. "उसवता येईल का, हे विचारा."

"संध्याकाळी याल दुकानात? लक्ष्मी रस्त्याला?"

"संध्याकाळीच जायचं असतं. सकाळचा पाय खोटं बोलतो, दिवसभर चालून फुगला की खरा नंबर कळतो."

२:१०

डबा. शेजारी तारखेला आलेले एक शेतकरी बाबा टेकले. पायात जुनी कोल्हापुरी, खाली टायरचा तुकडा ठोकलेला. कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं पायाच्या घामाने पायाचाच आकार घेतं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. बाबांना मानांकनाशी घेणं नव्हतं. "टायर घाल नवा, वरचं अजून दहा वर्षं जातंय," म्हणाले. त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

३:००

तळ शिवायला घेतला. आरीच्या टोकाला आकडी असते. ती वरून खुपसायची, खालचा दोरा पकडून वर आणायची, त्या फासातून दुसरा दोरा ओढून आवळायची. एका जोड्याला दोन तास. शक्यतो वेल्टच्या जुन्याच भोकांतून जायचं. दरवेळी नवी भोकं पाडली तर वेल्ट पोस्टाच्या तिकिटासारखी होते, कडेने फाटते.

डाव्या बुटाच्या अंगठ्यापाशी आज तेच झालं. आरी किंचित तिरकी गेली आणि दोन भोकांमधलं चामडं तुटलं. तेवढ्या जागेत पातळ तुकडा मागून चिकटवला आणि टाका थोडा आत घेतला. साहेबांना दिसणार नाही. पुढच्या वेळी उसवेल त्याला दिसेल. तो बहुतेक मीच असेन.

४:५०

कडा रापीने तासल्या, काचकागद, शाई, मेण. टाच ठोकली. मग धाकट्याचा बूट: तो डिंकाचाच, मुकाट्याने चिकटवला आणि दोरीने आवळून ठेवला.

५:४५

साहेब आले. जोडा हातात घेऊन तळाकडे न बघता आधी वास घेतला. मग पायात घालून चार पावलं टाकली.

"किती वेळा झालं रे हे?"

"चौथ्यांदा. अजून दोनदा होईल, साहेब. मग वेल्ट बदलू. पण रोज हाच घालू नका."

दरवेळी सांगतो. चामडं दिवसभराचा घाम पितं, सुकायला त्याला एक दिवस सुट्टी द्यावी. भिजला तर वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावा, उन्हात किंवा गॅसजवळ नाही. आणि टाचेचं रबर झिजून चामड्याला लागायच्या आत माझ्याकडे यावं. टाचेचं रबर अर्ध्या तासाचं काम, उशीर झाला की पूर्ण टाच बदलायचा खर्च.

६:४५

नवा पूल ओलांडून शनिवारवाड्यावरून लक्ष्मी रस्ता. मॅडम चपलांवर होत्या, दुपारची पट्टी निघाली होती.

दुकानातल्या पोराने पहिला बूट आणला. वेल्टवर सुंदर टाके. मी नख फिरवलं. दोरा नव्हताच, रबरातच टाक्यांची नक्षी उठवलेली. दुसऱ्यात दोरा खरा होता, पण पट्टीत शिरून पट्टीतच संपलेला. तळापर्यंत गेलाच नव्हता. नाटकातल्या तलवारीसारखा, दिसायला कमरेला, कापायला नाही. अर्थात खाली टाका दिसला नाही म्हणून लगेच नापास करू नये. चांगला कारागीर तळाला चीर पाडून टाका तिच्यात लपवतो. दुकानदाराला ते विचारल्यावर सांगता आलं पाहिजे, एवढंच.

तिसरा खरा वेल्टचा निघाला. पण पुरुषांचा. बायकांच्या कपाटात तसा एकही नव्हता. "लेडीजमध्ये येत नाही, काका," पोरगा म्हणाला. त्याचा दोष नाही. दिवसभर कोर्टात उभ्या राहणाऱ्या बाईचा पायही जोडा तेवढाच झिजवतो, हे बनवणाऱ्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

पुरुषांतला सगळ्यात लहान नंबर मॅडमनी घातला. किंमत नऊ हजार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हिशोब मांडला: समजा पंधराशेचा जोडा वर्षाला एक, तर सहा वर्षांत नऊ हजार. याला सहा वर्षांत दोनदा तळ धरला तरी बारा-साडेबारा हजार होतील. म्हणजे सहा वर्षांत तो महागच. फायदा त्यापुढे, जर चामडं जपलं तर.

"चालून दाखवा."

त्या चालल्या. पुढे अंगठ्याएवढी जागा होती, ती बरोबर. पण प्रत्येक पावलाला टाच अर्ध्या बोटाने उचलत होती. पुरुषाच्या फर्म्यावरचा, म्हणजे पायाच्या साच्यावरचा, जोडा टाचेला रुंद असतो. लेस आवळली, तरी तेच.

"नका घेऊ," मी म्हणालो. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. "हा दहादा उसवून शिवता येईल, पण दहाही वेळा तुमची टाच सोलेल."

शेवटी बायकांच्या कपाटातलाच एक घेतला. डिंकाचाच, पण चामडं खरं, टाच आतून कडक, आणि तळ सपाट रबराचा. वाटीसारखा वर चढलेला तळ काढता येत नाही, सपाट असेल तर कापून दुसरा लावता येतो. एक-दोनदा तरी नक्की. किंमत तिसऱ्या हिश्श्याची. पायाला बसतो हे पहिलं, उसवतो हे दुसरं. दुपारी मी क्रम उलटा सांगितला होता, तो दुरुस्त केला.

निघताना त्यांना एका पुठ्ठ्यावर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पायांची बाह्यरेषा काढून घेतली. डावा उजव्यापेक्षा किंचित मोठा, बहुतेकांचा एक मोठा असतोच. ठक्करबाप्पात माझ्याबरोबरचा एकजण अजून हाताने वेल्ट शिवतो. त्याला विचारतो म्हणालो. दिवाळीपर्यंत काही सांगता येईल.

९:१५

घरी. धाकट्याने आधी बूट ओढून बघितला. सुटला नाही. मग पुठ्ठा दिसला.

"हे काय?"

"एका मॅडमचा पाय आहे. त्यांच्यासाठी जोडा करायचाय, उसवता येणारा."

"मला का नाही असला?"

त्याने आपला पाय त्या रेषेवर ठेवला. टाचेला टाच लावली. अंगठा रेषेच्या बोटभर मागे राहिला. गेल्या दिवाळीत याच्या पायाला कुठला नंबर होता ते आठवलं, आणि दोन नंबर वाढलेत हे ध्यानात आलं.

"तुझा पाय अजून वाढतोय," मी म्हणालो. "थांबला की सांग."