गिळलेली वस्तु आणि दुर्बीण

सायंकाळची वेळ. सानपाड्यांतील एखाद्या घरांत मूल खेळतां खेळतां रुपयाचें नाणें तोंडांत टाकतें आणि तें क्षणांत दिसेनासें होतें. आजी म्हणते, "केळें द्या, खालीं उतरेल." श्रोतेहो, या प्रसंगाविषयींच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

केळ्याचा उपाय प्रेमाचा खरा, पण चुकीचा. अडकलेली वस्तु त्यानें सरकेलच असें नाहीं. उलट भूल द्यावयाची झाल्यास भरलेलें पोट डॉक्टरांना अडचणीचें होतें. बोट घालून ओकारी काढणेंहि तितकेंच धोक्याचें. मूल गुदमरत असेल तर गोष्ट निराळी; तेथें पाठीवरील थापा प्राण वाचवितात.

नाणें एकदां जठरांत पोंचलें कीं तें बहुधा आपण होऊन शौचावाटे बाहेर पडतें. खरी अडचण अन्ननलिकेची. घशाखालीं, महारोहिणीजवळ आणि जठराच्या तोंडाशीं ती अरुंद आहे. वस्तु थांबते ती तेथेंच.

खेळण्यांतील चपटी बॅटरी मात्र वाट पाहूं देत नाहीं. दिसावयास ती रुपयासारखीच. क्ष-किरणांच्या चित्रांत तिच्या कडेला दुहेरी वलय दिसतें, ही तिची खूण. ओलसर अन्ननलिकेंत तिच्यांतून विजेचा प्रवाह वाहतो, ऋण बाजूस तीव्र अल्क उत्पन्न होतो आणि दोन तासांत नलिका खोल भाजूं शकते. "सकाळीं पाहूं" असें म्हणण्याची येथें सोय नाहीं. एक वर्षावरील मुलास गिळतां येत असेल, तर वाटेंत दर १० मिनिटांनीं दोन लहान चमचे मध द्यावा, असें हल्लींचें मत आहे; मात्र मध शोधण्यासाठीं खोळंबूं नये.

अन्ननलिकेंत दृष्टि पोंचविण्याची विद्या मोठी गमतीची. १८६८ सालीं कुसमाउल या जर्मन वैद्यानें तलवार गिळणाऱ्या एका खेळियाच्या जठरांत सरळ नळी उतरवून दाखविली! पुढें फिलाडेल्फियाच्या शेव्हॅलिअर जॅक्सन यांनीं माणसांच्या घशांतून व छातींतून काढलेल्या २,३७४ वस्तु जपून ठेविल्या. त्या तेथील म्यूटर संग्रहालयांत आहेत. नळी लवचिक झाली ती कांचेच्या तंतूंमुळें. पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं हॉपकिन्स यांजबरोबर १९५४ सालीं अशा तंतूंच्या जुडग्यांतून चित्र नेतां येतें हें प्रसिद्ध केलें, आणि तीनच वर्षांनीं हिर्शोविट्झ यांची दुर्बीण आली.

आज तिच्या वाटेनें बारीक चिमटा, फांसा किंवा जाळी आंत जाते. टांचणी काढतांना टोंक मागें राहील अशा बेतानें ती ओढतात, कारण पुढें असलेलें टोंक रुततें. यासाठीं निघतांना एवढें करा: गिळलेल्या वस्तूची जोडीदार घरांत असेल तर ती बरोबर घ्या. कोणता चिमटा तिला नीट धरतो, हें डॉक्टरांना आधीं बाहेरच पाहून घेतां येतें.