महामानवांच्या दरबारातील मानपान

सन 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या ई.सी. कॉमिक्स या संस्थेने ‘जजमेंट डे’ नावाची एक छोटी चित्रकथा छापली. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर उतरतो. तेथील नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून एकाच सामग्रीचे घडलेले, केवळ कवचाचा रंग निराळा, आणि तेवढ्यावरून निळ्यांची वस्ती वेगळी व हक्क तोकडे, हे पाहून तो त्या ग्रहाला आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात प्रवेश नाकारतो. आणि परतीच्या यानात तो शिरस्त्राण उतरवितो तेव्हा, अगदी अखेरच्या चौकटीत, तो कृष्णवर्णी असल्याचे वाचकाला प्रथमच कळते. त्याच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब चमकत असतात.

चित्रकथांनी मुले बिघडतात असा गिल्ला अमेरिकेत झाल्यामुळे 1954 मध्ये प्रकाशकांनी एक आचारसंहिता पत्करली, आणि तिच्या दफ्तराचा शिक्का नसलेले अंक विकणे दुरापास्त झाले. पुनर्मुद्रणासाठी ही कथा या दफ्तरात गेली तेव्हा तेथील मुख्य कारभारी चार्ल्स मर्फी यांनी नायक कृष्णवर्णी नको, असा हुकूम सोडला. कोणत्याही वंशाची टवाळी करू नये, असे कलम त्याच संहितेत होते! प्रकाशक विल्यम गेन्स यांनी प्रकरण चव्हाट्यावर मांडण्याची तंबी दिली, तेव्हा निदान घामाचे थेंब तरी पुसावेत, अशी मागणी झाली म्हणतात. गेन्स बधले नाहीत. 1956 च्या आरंभी कथा जशीच्या तशी निघाली, आणि त्या अंकानंतर ई.सी.ने चित्रकथांच्या पुस्तिका काढणेच थांबविले.

ही कथा महामानवाची, म्हणजे ‘सुपरहीरो’ची, नव्हे, हे खरे. परंतु महामानवांच्या दरबारात कोणाला आसन द्यावे आणि कोणाला उंबऱ्यावर थांबवावे याचा निवाडा कसा होत असे, हे तिच्याइतके स्वच्छ दाखविणारे दुसरे प्रकरण मला ठाऊक नाही. किती कृष्णवर्णी, किती स्त्रिया, अशी शिरगणती आज हौसेने केली जाते. आसने मांडणारा कोण, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार आपल्याकडे ‘इंद्रजाल’ चित्रकथांच्या अंकांतून घरोघर पोहोचला. 1934 साली अवतरलेला हा आफ्रिकी राजपुत्र बलदंड खरा, पण राज्य सोडून जादूगाराच्या दिमतीला राहिलेला. 1966 मध्ये चित्रकथाकार स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ या मालिकेच्या 52 व्या अंकात ‘ब्लॅक पँथर’ उभा केला, तो मात्र कोणाच्या दिमतीला नव्हता. वाकांडा या यंत्रविद्येत अग्रेसर राज्याचा तो अधिपती होता आणि पाहुण्या महामानवांना त्याने पहिल्याच भेटीत जेरीस आणले. तरीही 1973 पासून त्याच्या कथा ज्या नियतकालिकातून येऊ लागल्या त्याचे नाव ‘जंगल ॲक्शन’ असेच होते. राजा झाला तरी पत्ता जंगलाचाच! पुढे 1993 मध्ये ड्वेन मॅकडफी प्रभृती कृष्णवर्णी लेखक-चित्रकारांनी ‘माइलस्टोन’ ही स्वतःची संस्था काढली आणि आपल्या पात्रांची मालकी आपल्याकडे ठेवली, ती उगाच नव्हे.

स्त्रियांची कथा याहून विलक्षण आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी 1941 मध्ये ‘वंडर वूमन’ निर्माण केली ती स्त्रीचे सामर्थ्य जगाला दाखविण्याच्या स्पष्ट हेतूने. पण 1942 मध्ये महामानवांच्या मंडळात तिचा समावेश झाला तेव्हा, बंदुकीच्या गोळ्या मनगटावरील कड्यांनी परतविणाऱ्या या वीरांगनेकडे चिटणिशी सोपविण्यात आली, आणि पुरुष मंडळी मोहिमेवर निघाली की तिने मागे राहून दप्तर सांभाळावे, असे ठरले. पडद्यामागेही तोच न्याय. मार्स्टन यांच्या हाताखाली 1944 मध्ये रुजू झालेल्या जॉय हमेल या तरुणीने वंडर वूमनच्या सत्तरांहून अधिक कथा लिहिल्या. त्या छापल्या गेल्या ‘चार्ल्स मोल्टन’ या पुरुषी टोपणनावाखाली. त्या श्रमांचा जाहीर सन्मान हमेल यांना 2018 मध्ये मिळाला. आणि वंडर वूमनची चित्रे काढण्याचे काम एका स्त्रीच्या, ट्रीना रॉबिन्स यांच्या, हाती प्रथम आले ते 1986 मध्ये, म्हणजे त्या वीरांगनेच्या जन्मानंतर पंचेचाळीस वर्षांनी.