ओळख करून देणारा हॉल

आयर्लंडच्या वायव्येला, स्लायगोहून एनिस्किलनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लिट्रिम काउंटीत ग्लेनफार्न नावाचं चिमुकलं गाव लागतं. तिथल्या हॉलचं नाव मात्र भलतंच भारदस्त: रेनबो बॉलरूम ऑफ रोमान्स. अमेरिकेत राहून परतलेल्या जॉन मॅकगिव्हर्न यांनी तो १९३४ मध्ये बांधला. पुढच्याच वर्षी कायदा आला आणि कोर्टाच्या परवान्याशिवाय सार्वजनिक नाचाला बंदी झाली. मग घराघरांतला आणि चौरस्त्यांवरचा नाच अशा हॉलमध्ये आला.

लिट्रिमची लोकसंख्या १८४१ मध्ये दीड लाखावर होती. १९६१ मध्ये ती जेमतेम साडेतेहतीस हजार उरली. तरणी पोरं बोटीनं इंग्लंड-अमेरिका गाठत. शेतीवाडी सांभाळायला मागे राहिलेल्यांचं लग्न जमायचं, तर ते बहुधा नाचाच्या रात्रीच.

त्या रात्रीची तयारी दिवसभर चाले. मुली आतले जाळीचे परकर साखरेच्या पाण्यात बुडवून वाळवत, म्हणजे वरचा घागरा छत्रीसारखा फुलून राही. पाऊस आला की पंचाईत! तोही लिट्रिमचा पाऊस, आणि प्रवास सायकलवरून. गडी धार काढून, हातपाय धुऊन, केसांना ब्रिलक्रीम चोपडून निघत. सूट एकच; चर्चला तोच, मयतीला तोच आणि नाचालाही तोच.

हॉलमध्ये एका भिंतीला बायका, समोरच्या भिंतीला पुरुष. मधली मोकळी जमीन ओलांडायला खरी छाती लागे. नकार मिळाला तर तेवढंच अंतर सगळ्यांच्या देखत परत चालायचं! ‘मला घाम आलाय, माझ्या बहिणीला विचार,’ हे उत्तर आयर्लंडभर अजून हसून सांगतात. दारू नसेच, चहा आणि लेमोनेड. ‘लेमोनेड घेणार?’ असं त्यानं विचारलं आणि ती हो म्हणाली, की बघणाऱ्यांना पुढचं कळे.

मॅकगिव्हर्न यांचं मोठेपण मला वाटतं ते इथे. हा लाजरेपणा त्यांनी नीट ओळखला होता. कार्यक्रमाच्या मध्यावर ते काळा सूट घालून मंचावर येत, दिवे मंद करायला लावत, स्वतः प्रेमगीत गात आणि जोड्यांना एकमेकांचं नाव-गाव विचारायला सांगत. ज्यांना बोलायचं होतं पण तोंड उघडत नव्हतं, त्यांना ही हक्काची सबब मिळे. कितीतरी संसार तिथून सुरू झाले.

पन्नाशी-साठीच्या दशकांत नाचासाठी वाजवणारे, चकचकीत सुटांतले वाद्यवृंद, म्हणजे शोबँड, गावोगाव फिरत. ईस्टरआधीच्या व्रतकाळात नाच बंद, तेव्हा ते इंग्लंडला जात. १९७५ च्या जुलैत मायामी शोबँडच्या तिघांची उत्तर आयर्लंडमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. सीमेपलीकडचे कार्यक्रम त्यानंतर ओसरले. दारूचा परवाना असलेली हॉटेलं आणि डिस्को आले, तसे लेमोनेडवाले हॉल मागे पडले.

आयरिश लेखक विल्यम ट्रेव्हर यांच्या १९७२ मधल्या ‘द बॉलरूम ऑफ रोमान्स’ या कथेचं नाव या हॉलच्या नावावरूनच आलं; तिच्यावरचा चित्रपट १९८२ मध्ये आला. त्यातली नायिका उदास आहे, आणि तशा बायकाही इथे होत्याच. पण तेवढ्यावरून हॉलची पारख करू नये. आज तिथे जुन्या दिवसांचं छोटं संग्रहालय आहे, अधूनमधून नाचही होतात. स्लायगोहून अंतर सुमारे ४० किलोमीटर. जायचं तर नाचाची तारीख आधी विचारून जावं.